शहराच्या ढालीचा अर्थ कोणाचा: दप्तरातला की लोकांच्या तोंडचा?

फोर्टचा दप्तरी
फोर्टमधले हेरिटेज वॉक पालिका मुख्यालयासमोर थांबले की शहरांच्या मानचिन्हांचा विषय निघतो आणि मग लंडन-ॲमस्टरडॅमचे दाखले दिले जातात. त्यातले दोन साफ चुकीचे आहेत, तरी वर्षानुवर्षे तेच ऐकवले जातात.

लंडनच्या मानचिन्हातल्या ढालीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल क्रूस आणि वरच्या कोपऱ्यात लाल तलवार आहे. सांगतात काय, तर १३८१ च्या शेतकरी बंडात महापौर वॉलवर्थने बंडाचा नेता वॉट टायलर याच्यावर ज्या खंजिराने वार केला, तोच हा. पण टायलर मारला गेला जूनमध्ये, आणि ही ढाल त्याच्या काही महिने आधीपासून वापरात होती. तलवार आहे संत पॉलची, शहराच्या रक्षक संताची.

ॲमस्टरडॅमच्या लाल ढालीवर मधोमध काळा उभा पट्टा आणि त्यावर तीन चंदेरी फुल्या आहेत. सांगतात की त्या म्हणजे आग, पूर आणि प्लेग. मग शेजारच्या ॲमस्टलव्हेनच्या ढालीवरही फुल्या का? त्या भागातल्या जुन्या पेर्सेन घराण्याच्या चिन्हातून त्या आल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. तीन संकटांची जुळणी मागाहून झालेली आहे.

माझे म्हणणे एवढेच: माहितीफलकावर आणि वॉकमध्ये कागदाला धरून असलेलाच अर्थ सांगावा.

गिरगावची मानसी
दादा, तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. ॲमस्टरडॅमच्याच ढालीखालचे बोधवाक्य बघा: शूर, निर्धारी, दयाळू. ते १९४७ मध्ये राणी विल्हेल्मिनाने दिले. जर्मन ताब्यात असताना फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध शहरात संप झाला, त्याची आणि युद्धकाळातल्या धैर्याची ती आठवण. म्हणजे शेकडो वर्षे जुन्या ढालीला विसाव्या शतकात नवा अर्थ जोडला गेला आणि तो अधिकृतही झाला. कागद लोकांच्या मागून आला.

पॅरिसचेही तेच. ढालीवरचे जहाज सेन नदीवर मालवाहतूक करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मुद्रेवरून आले. तेराव्या शतकात त्यांच्याच संघटनेतून नगरकारभार उभा राहिला. ‘हेलकावते, पण बुडत नाही’ हे वाक्य अधिकृत झाले थेट १८५३ मध्ये, पॅरिसची नव्याने आखणी करणाऱ्या प्रशासक ओस्मानच्या काळात. नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतर लोकांनी तेच वाक्य रिपब्लिक चौकात मोठ्या अक्षरांत रंगवले. त्या दिवसांत पॅरिसकरांना कोणी नदीच्या व्यापाऱ्यांबद्दल सांगायला गेले असते का? लोकांनी दिलेला अर्थ वगळला तर फलकावर फक्त सनावळ्या उरतील.

टाकी आणि दगड
अर्थावर भांडण्याआधी ढाल नीट वाचली जाते का ते बघा. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

ढालीची उजवी बाजू म्हणजे ती हातात धरणाऱ्याची उजवी. समोरून बघताना ती आपल्या डावीकडे येते. वर्णन लिहिताना ही उलटापालट फार होते, आणि त्या वर्णनावरून नवे चित्र काढले की ढाल आरशातल्यासारखी फिरते.

दुसरे रंग. रंग न वापरता रंग दाखवायची एक पद्धत आहे. ती पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइट धर्मगुरूच्या १६३८ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा चंदेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, आडव्या-उभ्यांची जाळी काळी, आणि आपल्या डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा हिरव्या. छापील शिक्क्यावर आणि कोरीव कामात हे दिसते. पण दगडावरची प्रत्येक रेघ रंगाची खूण नसते, टाकीचे घावही रेघांसारखेच दिसतात. रंगरेषा समान अंतरावर असतात आणि आकृतीच्या कडेशी नेमक्या थांबतात. घाव कडेपर्यंत एकसारखे जात नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बघावे, भर दुपारी काही कळत नाही.

आणि हात जोडून सांगतो, जुन्या ढालींवर ऑइल पेंट चढवू नका. पावसाळ्यात भिंतीत मुरलेले पाणी दगडातून बाहेर पडायला हवे. रंगाने वाट बंद झाली की क्षार आतच साचतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. सगळ्यात आधी जातात त्या याच बारीक रेघा. पोरबंदर दगड चुनखडीचा, त्यावर ॲसिड लागले की तो विरघळतो. मऊ ब्रश, साधे पाणी आणि धीर, एवढेच पुरते. सँडब्लास्टिंग तर नकोच.

फोर्टचा दप्तरी
दगडाचे पटले. मानसीताई, लोकांचा अर्थ पुसा असे मी म्हणत नाही. वॉट टायलरची गोष्ट सांगायचीच तर ‘लोक असे मानतात’ म्हणून सांगा. आज होते काय, की ती इतिहास म्हणून सांगितली जाते. शिवाय लोकांच्या नावावर सत्ताधारीच चिन्ह बदलत आलेत. पॅरिसच्या ढालीवरच्या पट्टीतली राजघराण्याची लिली क्रांतीत गेली, नेपोलियनने १८११ मध्ये तिथे मधमाश्या बसवल्या, तो पडल्यावर लिली परत आली. जहाज तेवढे टिकले.

गिरगावची मानसी
जहाज टिकले, कारण ते राजाचे नव्हते, गावाचे होते. हाच तर माझा मुद्दा! आणि मुंबईचे काय? पालिका मुख्यालयाची इमारत वास्तुविशारद स्टीव्हन्सची, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. तिच्या मधल्या कमानीवरची पंखवाली मूर्ती ‘भारतातले पहिले शहर’ या लॅटिन बिरुदाची आहे. आज पालिकेचे बोधवाक्य मात्र ‘यतो धर्मस्ततो जयः’ आहे. ते महाभारतातले, आणि सर्वोच्च न्यायालयाचेही तेच. या दोन्हींमधून शहर स्वतःला काय समजत आले ते दिसते. फलकावर एकच ‘खरा’ अर्थ लिहिला तर हा बदल कुठे दाखवणार?

परळचा अर्जदार
दोघांच्याही वादात एक गोष्ट राहून गेली. इंग्लंडमध्ये मानचिन्हांची सनद द्यायला १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्स आहे. आपल्याकडे तसे कार्यालयच नाही. मग इथे ‘कागद’ म्हणजे काय? पालिकेचा ठराव आणि त्यासोबतची टिपणी. म्हणून आधी तो काढावा.

माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘चिन्हाचा अर्थ सांगा’ असे विचारू नका, खुलासा देणे बंधनकारक नाही असे उत्तर येते. ‘सध्याचे बोधचिन्ह व बोधवाक्य स्वीकारल्याचा ठराव, त्यासोबतची टिपणी व मंजूर रेखाचित्र यांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहा. ‘अभिलेख आढळत नाही’ असे आले तर पहिले अपील ३० दिवसांत करायचे. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांसाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार आहे.

मंजूर रेखाचित्राची प्रत आवर्जून मागा. ती हातात आली की आजच्या लेटरहेड, गाड्या आणि फलकांवरचे चिन्ह तिच्याशी ताडून बघता येईल. प्रत्येक नवीन छपाईत एखादी रेघ सुटते, आणि पुढची छपाई त्या सुटलेल्या चित्रावरूनच होते.