मुळशीचं पाणी पुण्याकडे: पर्याय कोणत्या मापानं तोलायचे?

नदीकाठ
पुण्याला वर्षाला ५ टीएमसी (अब्ज घनफूट) जादा पाणी लागेल असं धरून तीन पर्याय मांडतोय. एक, मुळशी धरणातून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्राला जाणारं तेवढं पाणी अडवून पूर्वेला आणायचं. दोन, कोकणात उतरलेलं पाणी उपसून घाटावर चढवायचं. तीन, मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीतलं पाणी उपसणारी विहीर) शेतीला जास्त पाणी द्यायचं आणि तेवढं खडकवासल्यात राखायचं. अडचण अशी की एकाचा हिशोब विजेत, दुसऱ्याचा कोटींत, तिसऱ्याचा हेक्टरमध्ये. समान माप कोणतं?

जलगणित
आधी प्रति टीएमसी विजेची किती युनिट ते काढा. १ टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर १ टीएमसी १ मीटर चढवायला सुमारे १.०३ लाख युनिट लागतात. घाट ५०० मीटरचा धरा: ५.१ कोटी युनिट. तेच पाणी ५०० मीटर खाली पडताना ८५ टक्के कार्यक्षमतेनं ३.३ कोटी युनिट देतं. म्हणजे पहिल्या पर्यायात ३.३ कोटी युनिटची निर्मिती बुडते, दुसऱ्यात ५.१ कोटी खर्च होतात. ५ टीएमसीला फरक ९ कोटी युनिटचा, आणि उपशाच्या वाहिनीतलं घर्षण यात धरलेलंच नाही. मात्र जलविद्युत संध्याकाळच्या कमाल मागणीला कामी येते, त्या युनिटला सरासरी दर लावू नका.

पाइपवाला
पहिला पर्याय 'उतारानं आपोआप येईल' म्हणून स्वस्त धरला जातो, तिथेच गफलत होते. ५ टीएमसी बारा महिने आणायचं तर प्रवाह सेकंदाला ४.५ घनमीटर. १.७ मीटर व्यासाच्या वाहिनीत (हेझन-विल्यम्स सूत्रातला गुळगुळीतपणाचा गुणांक सी १२० धरून) घर्षणामुळे किलोमीटरला १.८ मीटर उंचीची तूट येते. ३० किमी धरले तर ५५ मीटर. मुळशीची पूर्ण पातळी ६०० मीटरच्या थोडी वर, खडकवासल्याची ५८२. एवढा उतार आहेच कुठे? व्यास २.२ मीटर केला की तूट १६ मीटरवर येते, पण तेही तलाव भरलेला असेपर्यंतच. मे महिन्यात पातळी खाली जाते, म्हणजे पंपघर हवंच.

शिवाय पावसाळ्यात आणलेलं पाणी ठेवणार कुठे? खडकवासला साखळीची चारही धरणं मिळून साठा साधारण २९ टीएमसी. चांगल्या पावसात ती स्वतःच सांडत असतात. जानेवारी ते मे अशा १५० दिवसांत आणायचं तर प्रवाह १०.९ घनमीटर, म्हणजे २.२ मीटरच्या दोन वाहिन्या. खर्चाचा अंदाज यावर करा, वार्षिक सरासरीवर नको.

खोरेवाचक
कृष्णा पाणीवाटप लवादाचं माप विसरू नका. त्याच्या १९७६ च्या बच्छावत निवाड्यात कृष्णा खोऱ्याबाहेर वळवलेलं पाणी १०० टक्के वापर म्हणून मोजतात, घरगुती पुरवठ्याचं फक्त २० टक्के. पश्चिमेला जाणारे ५ टीएमसी शहराला दिले तर हिशोबात वापर १ टीएमसी. उरलेलं सांडपाणी होऊन मुळा-मुठेतून भीमेत, पुढे उजनीत जातं. सांडपाणी शुद्ध केलं नाही तर हा फायदा कागदावरच राहतो.

आणि कोकणातली कुंडलिका नदी! उन्हाळ्यात ती मुख्यतः भिऱ्याच्या सोडलेल्या पाण्यावर वाहते. तिच्यावरच्या डोलवहाळ बंधाऱ्यावरून शेती, रोह्याचे कारखाने, पिण्याच्या योजना चालतात. जानेवारी ते मे हाच त्यांचाही गरजेचा काळ, त्यामुळे त्यांची महिनावार गरज आधी वजा करा.

तिसऱ्या पर्यायात विजेचा प्रश्न किरकोळ, प्रतीचा मोठा. जॅकवेल पाणी उचलतं नदीतून, शुद्धीकरण केंद्रातून थेट नाही, त्यामुळे वरच्या नाल्यांचं मैलापाणी त्यात मिसळतं. ते नाले आधी अडवले तरच शेतकरी हे पाणी घेतील.

नदीकाठ
मग क्रम बदलतो. मुंढव्यातून खात्रीनं किती मिळेल ते आधी धरतो आणि फक्त उरलेली तूट मुळशीवर टाकतो. दुसरा पर्याय यादीतून काढला. तक्ता महिनावार करतोय. डोलवहाळच्या मागणीचे जानेवारी ते मेचे आकडे कुणाकडे असतील तर इथे टाका.