शब्दचर्चा: बगमधलं ‘लेबल’ म्हणजे नक्की कुठलं?

प्रश्न: इंदूरला टेस्टिंगमध्ये आहे, विजयनगरला ऑफिस. एका अ‍ॅपच्या बगमध्ये लिहिलं, ‘डिलीट बटणाला लेबल नाही’. डेव्हलपरनं काय करावं, त्या तिकिटालाच (म्हणजे बगच्या नोंदीलाच) ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ (अपंगांनाही वापरता येणं) असं लेबल चिकटवलं आणि बग क्लोज! वर लीड विचारतो, ‘लेवल क्या डाला?’, त्याला हवी होती सिव्हिरिटी, म्हणजे बग किती गंभीर ते. आता या तिघांना वेगवेगळं काय म्हणायचं, सांगा कोणीतरी.

— अरे शब्दच तसला आहे. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), बिननावाच्या बटणावर आलं की ‘अनलेबल्ड’ म्हणतं, तेच ऐकून सगळे लेबल लेबल लिहायला लागले. पण डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची नियमावली, उघडून बघ, तिथं लेबल म्हणजे सगळ्यांना दाखवलेलं, आणि नेम म्हणजे स्क्रीन रीडरच्या हाती लागतं ते, मग ते डोळ्यांना दिसो न दिसो. तुझ्या बटणावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र असेल तर वेगळी अक्षरं नकोत, नाव हवंय. आणि वेबवर हे नाव ज्यानं देतात त्या अ‍ॅट्रिब्यूटलाच म्हणायचं एरिया-लेबल, आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी लेबल, अँड्रॉइडवर मात्र कंटेंट डिस्क्रिप्शन, घ्या! म्हणून मी नुसतं ‘लेबल’ कधी लिहीतच नाही, ‘दिसणारा मजकूर’ किंवा ‘वाचलं जाणारं नाव’.

— पण ताई, दोन्ही एकच असतात ना बहुतेक?

— असायला हवीत रे. डब्ल्यूसीएजीच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीत त्यासाठी वेगळा निकषच आला, २.५.३, लेबल इन नेम, म्हणजे दिसणारा मजकूर नावात असायलाच हवा. बटणावर दिसतंय ‘पुढे जा’ आणि आत नाव ‘सबमिट’, आता जो माणूस बोलून फोन चालवतो तो वाचून ‘पुढे जा’ म्हणणार आणि फोन ढिम्म. असा बग ‘लेबल चुकीचं’ एवढाच लिहिलास तर समोरचा बटणावरची अक्षरं बदलून मोकळा होईल.

— तिकिटावरच्याला सरळ टॅग म्हणा ना. बग नोंदवायच्या साइट्सपैकी गिटहबवर लेबल्स, बगझिलावर कीवर्ड, पण ‘टॅग लावला’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. तिथं ए११वाय दिसलं तर दचकू नका, accessibility या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ए आणि वायच्या मधली ११ अक्षरं मोजून केलेला शॉर्टफॉर्म आहे. मराठी नाव हवं तर सुगम्यता, २०१५ च्या सुगम्य भारत अभियानापासून रुळलंय. हिंदी अँड्रॉइडवर ‘सुलभता’ येतं, पण त्यानं युजेबिलिटी (वापरायला सोपं असणं) वाटते, आणि आपल्या इंदुरात सुलभ म्हटलं की माणूस आधी शौचालय शोधतो.

— हो, सुगम्यताच बरं. आणि बग असा लिही: ‘पत्त्यांची यादी, प्रत्येक ओळीच्या उजवीकडचं डब्याचं बटण. टॉकबॅक फक्त अनलेबल्ड म्हणतं. अपेक्षित: पत्ता काढून टाका, आणि कुठला पत्ता तेही.’ हे शेवटचं विसरू नकोस, नाहीतर चार ओळींत चार वेळा तेच ऐकू येतं आणि घरचा पत्ता उडवतोय की ऑफिसचा, काही पत्ता लागत नाही.

— आणि लीडची लेवल?

— तिला सिव्हिरिटीच म्हण, त्याच्याकडूनही म्हणवून घे. बटण दाबल्यावर ‘नक्की काढू का’ विचारत असेल तर मधली टाक, न विचारता पत्ता उडत असेल तर वरची.