अनुभव धागा : सोनेगाव ते बेलोरा, खरे तास किती?

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ला प्रवासी विमानसेवा सुरू झाली. आता नागपूरला सोनेगाव विमानतळावर उतरून बेलोऱ्याहून पुढे जायचं, किंवा उलट, असा बेत बसवता येतो. माहितगारांनी लिहा. 'दोन तासात होते' एवढ्यावर सोडू नका राजेहो, कोणता रस्ता आणि किती वाजता, तेही सांगा.

मोजपट्टी
नेटवर दिसतं ते सरळ रेषेचं अंतर. सोनेगाव-बेलोरा साधारण १४० किमी, म्हणजे ७६ सागरी मैल. त्या रेषेला वर्धा नदीवर पूल कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसते. उड्डाणाचा वेळ तर नुसता भागाकार असतो. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ताशी ५०० किमीच्या आसपास जाते, म्हणून उत्तर १७ मिनिटं. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण आणि उतरण धरा, चाळीसच्या खाली येत नाही.

वर्धारोडकर
गाडीने दोन वाटा. जुनी वाट वाडी, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, नांदगाव पेठ. तिथून शहरात न शिरता वळणरस्त्याने बडनेरा आणि मग यवतमाळ रोड. तीन ते सव्वातीन तास धरा. यातला अर्धा तास वाडीतले ट्रक खातात, सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला हमखास.

दुसरी वाट समृद्धी महामार्ग. विमानतळातून वर्धा रोडने जामठा, तिथून बाहेरच्या रिंगरोडने शिवमडका. नांदगाव खंडेश्वरकडे उतरायचं आणि उत्तरेला अमरावतीच्या दिशेने यायचं. किलोमीटर वाचत नाहीत, वेळ वाचतो, अडीच तासात होते. इथे घोळ दोनच होतात. उतरायचा फाटा चुकला की पुढच्या फाट्यापर्यंत वळता येत नाही, अर्धा-पाऊण तास गेलाच समजा. दुसरा घोळ टायरचा. मे महिन्यात काँक्रीट तव्यासारखं तापते, त्यावर ताशी १२० आणि हवा कमी असली की टायरच्या बाजूची भिंत सारखी दबते, गरम होते आणि फाटते. घरून निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा. घासलेल्या टायरवर तर जाऊच नका. पेट्रोलही नागपुरातच भरा. दुचाकीला समृद्धीवर मनाई आहे.

बडनेरा जंक्शन
सामान कमी असेल तर रेल्वे बरी. विमानतळ मेट्रो स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे, तेवढं अंतर धरा. ऑरेंज लाइनने सीताबर्डी, तिथे अ‍ॅक्वा लाइन, मग नागपूर रेल्वे स्टेशन. वर्धामार्गे बडनेरा अडीच-तीन तास. अमरावतीचं तिकीट काढू नका, बेलोरा बडनेऱ्याहून जवळ पडते. ऑटो मात्र आधीच ठरवून ठेवा.

तिकीट खिडकी
दोन तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असली तर पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही परत मागता येत नाहीत. हिशेब उलटा लावा. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, रस्ता तीन तास, नागपूरला बॅग पट्ट्यावर यायला अर्धा तास. साडेचार झाले, वर उशिराचे दीड. सहा तासांपेक्षा कमी अंतराची तिकिटं घेऊच नये. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असते, तेव्हा सहाही कमीच.

गोंदियाकर
बिरसी, म्हणजे गोंदियाचा विमानतळ, तेही सोनेगावहून सरळ रेषेत जवळपास तेवढंच, फक्त पूर्वेला. तिकडे समृद्धी नाही. हावडा लाइनने गोंदिया दोन तास, पुढे कामठ्याकडे ऑटो.