निवृत्तीनंतर गावात, गल्लीत, सोसायटीत केलेलं बिनपगारी काम: तुमचे अनुभव लिहा

वाळका_पॅड
परवा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांची जत्राच. रांगेत माझ्यापुढे एक आजी, म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आलेल्या. मशीनवर अंगठा उमटेना. जन्मभर खुरपं धरलेला हात, रेषा राहणार कुठे? काउंटरवरचा पोरगा नुसता 'दुसरं बोट, दुसरं बोट' करत होता. मी मागून म्हणालो, आजी, हात आधी धुऊन या, कोरडे करा, मग किंचित तेलबोट लावून बघा. त्या वळल्या, निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तुमी कचेरीम्होरं बसायचा न्हवं?"

बसायचो. २०१४ ला अठ्ठावन्न पूर्ण झाली, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून सुटलो. पंधरा दिवसांत घरातल्या किराणा बिलावर शेरे मारायला लागलो तेव्हा बायकोने सांगितलं, ऑफिस संपलंय, बाहेर काहीतरी बघा. तालुक्याच्या कचेरीसमोर वडाखाली घडीचं टेबल टाकलं. निराधार, श्रावणबाळ, कसलाही अर्ज भरून देणार, फुकट.

पहिल्या आठवड्यात एकही माणूस आलं नाही. शेजारीच एक अर्जवाला पन्नास रुपये घ्यायचा, त्याच्याकडे ही रांग. शेवटी एका म्हातारीला विचारलं, बाई, मी फुकट करतो, इकडे का येत नाही? म्हणाली, "फुकटवाल्याचा अर्ज लागत न्हाई." मग अर्जवाल्यानेच युक्ती दिली. साहेब, टेबलावर काहीतरी सरकारी दिसू द्या. घरून जुना शाईचा पॅड आणून ठेवला. तो फक्त अंगठा घ्यायला. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली!

श्रावणबाळचे तेव्हा महिन्याला ६०० मिळायचे. आता १५०० आहेत. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१,००० च्या आतला, वय पासष्ट, रहिवासी, फोटो. वयाचाच घोळ सगळ्यात मोठा. आधारवर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जानेवारी. ज्या शाळेत गेल्या होत्या त्यांचा १ जून, गुरुजींच्या कृपेने. एक जण म्हणाली, मी गांधीबाबा गेले तेव्हा रांगत होते, धरा हिशेब. धरला.

सहा वर्षं बसलो. मग गुडघे आणि कोरोना. तुमचंही असं काही असेल तर लिहा.

खारीक
अप्पा, अंगठ्याचं सोडा, पेन्शनरांना आता चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो मोबाइलवर. आमच्या आईचा तसाच केला. केंद्र सरकारच्या पेन्शनमध्ये ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टळते.

वाळका_पॅड
केला होता प्रयत्न. ते 'पापणी हलवा' म्हणतं, मी हलवतो, ते पुन्हा म्हणतं हलवा. चाळीस वर्षांत कुठल्या साहेबाने इतका छळ केला नाही.

चहा_माझा
मी थोडं वेगळं लिहिते, रागावू नका कुणी. मी नर्स होते, चौतीस वर्षं, त्यातली निम्मी रात्रपाळी. माझ्या आधी दोन वर्षं हे निवृत्त झाले आणि सोसायटीच्या कामाला लागले. खत प्रकल्प, पाणी, पार्किंग. चांगलंच काम आहे, नाही म्हणत नाही. पण मीटिंग आमच्या हॉलमध्ये. बारा माणसं, बारा कप, त्यात तिघं बिनसाखरेचे. मी निवृत्त झाले त्या दिवशीही संध्याकाळी मीटिंग होती. सेवा त्यांची, चहा माझा. सत्कार झाला तेव्हा शाल यांना आणि मला 'यांच्या खंबीर पाठिंब्याबद्दल' गजरा. गजरा मी कामवाल्या मावशींना दिला, त्यांना शोभला छान.

गोणपाट
😂😂 ताई

टेकडीवाली
@चहा_माझा, आमच्याकडे या, चहा प्रत्येकाने आपापला थर्मासमधून आणायचा.

आमचा सकाळी साडेपाचचा ग्रुप, वेताळ टेकडी. प्रत्येकी दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या पाठीवर. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी ग्लिरिसिडिया हे बाहेरचं झाड लावून ठेवलंय, त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, पक्षीही फारसे फिरकत नाहीत. म्हणून परवानगी घेऊन मोकळ्या जागी पळस, पांगारा, काटेसावर, बेहडा असं इथलंच लावतो. पावसाळ्यात लावायला दीडशे माणसं येतात, सेल्फी काढतात, एप्रिलमध्ये पाणी घालायला आम्ही सहा जणी आणि एक कर्नल. कर्नलसाहेब पहिल्या वर्षी शिट्टी वाजवून हजेरी घ्यायचे. आम्ही ऐकेना तेव्हा त्यांनी झाडांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. वहीत प्रत्येक रोपाला नंबर. चाळीस लावली होती, मार्चमध्ये कुणीतरी सिगारेट टाकली, वणवा. अकरा उरली. कर्नलांनी वहीत जळालेल्यांपुढे 'कामी आले' असं लिहिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना आपणहून माझ्या थर्मासमधला चहा दिला.

मोरावळा
आमच्या ह्यांना पाठवू का टेकडीवर? दिवसभर टीव्हीसमोर असतात. बाटल्या मी भरून देईन.

टेकडीवाली
पाठवा. परत आले नाहीत तर आम्ही जबाबदार नाही.

लेखनिक
मी गणिताची शिक्षिका होते. निवृत्तीनंतर अंध मुलांची लेखनिक म्हणून जाते, बहुतेक कॉलेजच्या परीक्षांना. तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तासांचा. बोटं आखडतात, पण मुलं किती सलग सांगतात ऐकून थक्क व्हायला होतं. मध्येच 'मॅडम, वरून तिसऱ्या ओळीत ते वाक्य खोडा' म्हणतात आणि ते बरोबर तिसऱ्याच ओळीत असतं.

त्या विषयाचा लेखनिक नको असा नियम होता, म्हणून इतिहासाला मी. तो मुलगा सांगत होता, पानिपतचं तिसरं युद्ध, सन १७७१. माझं पेन थांबलं. मराठी माणसाला १७६१ काय कुणी सांगायला लागतं? खोली शांत. तो म्हणाला, "काय झालं मॅडम?" पर्यवेक्षक बघत होते. काही नाही म्हटलं आणि १७७१ लिहिलं. इतकी वर्षं वर्गात चुकीवर लाल रेघ मारण्यात गेली आणि इथे स्वतःच्या हाताने चूक लिहायची.

बाहेर आल्यावर त्याने पांढरी काठी उघडली आणि म्हणाला, "१७६१ ना? पेन थांबलं तेव्हाच कळलं." मग बदललं का नाहीस, तर म्हणाला, "मग तो मार्क तुमचा झाला असता."

पास झाला. आता नोकरीला आहे. दिवाळीत फोन येतो, सुरुवातच 'सतराशे एकाहत्तर बोलतोय' अशी करतो.

खारीक
🙏🙏

गोणपाट
हे वाचून पोळी करपली. चालेल.

चपलेचा_अंगठा
मी एसटीत मेकॅनिक, निवृत्त. सासवडला घर. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून येते न् आमच्याकडे दोन मुक्काम असतात. पहिल्या वर्षी पाय चोळायला बसलो होतो तेल घेऊन. पण पायापेक्षा चपलेचे हाल जास्त. अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला, टाचेत खिळा वर आलेला. म्हणलं हे आपलं काम. आरी, दाभण, दोरा घेऊन बसलो. गिअरबॉक्स उघडणाऱ्याला चप्पल काय अवघड, असं वाटलं होतं. पहिली चप्पल उलटी शिवली. एका चांभारदादाने शेजारी बसवून शिकवलं, तोही वारकरीच होता, तळावर पोचेपर्यंत त्याची स्वतःचीच तुटली होती.

पायाला फोड आला तर फोडू नका एवढं सांगतो सगळ्यांना, ऐकत कुणी नाही.

एकदा आमच्या आगाराचे जुने साहेब आले लाइनीत, चप्पल घेऊन. त्यांनी मला दोनदा मेमो दिलेला. मला म्हणाले माउली, जरा बघता का. मी म्हणलं द्या माउली. ओळखलं का नाही माहीत नाही. चांगली डबल शिलाई मारली.

घाटात गाडी गरम होण्याचा किस्सा आहे एक, नंतर लिहितो, नातू मोबाइल मागतोय.

मोरावळा
डबल शिलाई 😄 मेमोचा असा बदला कुणी घेतला नसेल.

डायलटोन
टेलिफोन खात्यातून ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, देशभर हजारो जण त्या एका दिवशी बाहेर पडलो. ठरवलं होतं की काशी करू, मग कोकण. मार्चमध्ये सगळं बंद. आमच्या भागातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी कुणीतरी केली, मला वीस नंबर मिळाले. रोज फोन करायचा, औषध आहे का, दूध आलं का. फोनवाल्याला फोनचंच काम.

एक आजी फक्त विचारायच्या, "आज मंगळवार ना?" कुठलाही वार असो. पहिले काही दिवस मी वार सुधारून सांगायचो. मग कळलं की मंगळवारी त्यांच्या मुलाचा परदेशातून फोन यायचा. पुढे मी म्हणायला लागलो, आज नाही आजी, पण जवळ आलाय. यादी कधीच संपली, त्या एका नंबरवर अजून करतो.

पेरूची_फोड
डायलटोन काका 😢 माझी आईही अशीच वार विचारते.

शाळू
रक्तदान दर तीन महिन्यांनी करायचो, पासष्ट झाली आणि कॅम्पवाल्या मुलीने गोड हसून 'काका, आता नाही' सांगितलं. बिस्किटाचा पुडा मात्र दिला. आता नोंदणीच्या टेबलावर बसतो. घाबरलेल्या पोरांना माझं नाव सांगतात, या काकांनी पन्नास वेळा दिलंय म्हणून. खरा आकडा त्रेचाळीस आहे. मी दुरुस्त करत नाही.

चाकरमानी६२
मुंबईची नोकरी संपवून मालवणजवळ गावी आलो. उत्साह फार. वनराई बंधारा बांधायचा म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जमवल्या, माती भरली, दहा-बारा जण. डिसेंबरअखेर. वहाळात पाणी बोटभर. एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते, म्हणाले, "पाणी व्हावता तेव्हाच अडवूक व्हया. आता गोणी कित्याक?" पुढच्या वर्षीपासून पाऊस सरला की लगेच, ऑक्टोबरातच. गोण्या एकावर एक थेट ठेवायच्या नाहीत, विटांसारखा सांधमोड करायचा, हेही त्यांनीच शिकवलं. यंदा फेब्रुवारीपर्यंत खालच्या दोन विहिरींना पाणी होतं. अजून मला 'मुंबयकार'च म्हणतात.

पेरूची_फोड
न्यू जर्सीला लेकीकडे असताना रविवारच्या मराठी शाळेत मदत करायचे. 'ळ' शिकवता शिकवता महिना गेला. कमल, बाल, फल. एक पोरगा शेवटी 'नळ' म्हणाला आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन त्याने आजीला 'नळू' म्हटलं, तिचं नाव नलू. 😂

चहा_माझा
सगळं वाचलं. टेकडीवाली, नवीन माणूस घेता का? मी येते. हे नाही, मी. बारा कप ते करतील त्या दिवशी.

टेकडीवाली
या ना! शनिवारी पाच वीस, एआरएआयच्या रस्त्याने चढतो. बूट घाला, चपला नको. कर्नलांना सांगते नंबर द्यायला.

चपलेचा_अंगठा
चपला तुटल्या तर सासवडला पाठवा.

वाळका_पॅड
वाचतोय सगळं. त्या आजींचा अंगठा उमटला हे सांगायचं राहिलंच. डाव्या हाताचा, तिसऱ्या वेळेला. काल त्यांचा नातू घरी आला. मागच्या गल्लीतल्या तीन बायकांचे अर्ज अडलेत म्हणे, बसता का परत. गुडघे तेच आहेत, पण टेबल माळ्यावरून काढलंय. पॅड पार वाळून दगड झालाय. पाणी घालून बघितलं, नुसतं निळं डबकं झालं. कुणाला माहीत आहे का कसा ओला करतात?

डायलटोन
पाणी नका घालू. पॅडची शाई वेगळी मिळते, छोटी बाटली, स्टेशनरीच्या दुकानात.

शाळू
जांभळी घ्या.