मदत हवी आहे: 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं इजियसचं भाषण

शेक्सपिअरच्या या नाटकावर टिपण लिहितेय. पहिल्याच प्रवेशात इजियस आपल्या मुलीची तक्रार घेऊन अथेन्सचा ड्यूक थीसियस याच्यापुढे येतो. त्या एका भाषणाने पुढचा संघर्ष कसा पेटतो, हा विषय. हर्मिया ही ती मुलगी; तिचा प्रियकर लायसँडर याने कविता, स्वतःच्या केसांची कडी, अंगठ्या, फुलं, मिठाई देऊन हर्मियावर जादूटोणा केला, अशी जंत्रीच तो वाचतो. (ऐकताना हसू येतं खरं.) आणि लगेच अथेन्सचा जुना कायदा पुढे करतो: बापाने निवडलेल्या डिमिट्रियसशी लग्न, नाहीतर मरण! आजन्म संन्यासिनी होण्याचा पर्याय थीसियस नंतर सांगतो, इजियसच्या बोलण्यात तो नाहीच.

माझी गाडी अडलीय ती पुढे. हर्मिया आणि लायसँडरचं जंगलातून पळून जाणं या भाषणातून सरळ निघतं. पण डिमिट्रियसला जंगलात पोचवते ती त्याच्यावर प्रेम करणारी हेलेना, त्या दोघांच्या पळण्याची खबर त्याला द्यायचं ती त्याच प्रवेशाच्या शेवटच्या स्वगतात ठरवते. मग सगळं खापर एकट्या इजियसवर फोडावं का? शिवाय चौथ्या अंकात थीसियस इजियसची मागणी एका वाक्यात उडवून लावतो. त्याने या भाषणाचं वजन कमी होतं का?

हे नाटक शिकवलेल्या किंवा बसवलेल्या कुणी सांगाल का, प्लीज?