मदत हवी आहे: जिनिंगमधल्या कामाच्या सूचना भिंतीवरच राहतात

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) शिफ्ट सुपरवायझर आहे. दिवाळीनंतर कापूस यायला लागेल, त्याआधी हे मार्गी लावायचं आहे.

मालकांनी सल्लागार बोलावून जाडजूड एसओपी, म्हणजे कामाच्या पद्धतीची लेखी नियमावली, करून घेतली. इंग्रजीत. लॅमिनेट करून ऑफिसबाहेर टांगली आहे. जिनवरची पोरं बालाघाटकडची, हमाल गावातले; वाचणार कोण? चेकलिस्टची तऱ्हा तर विचारूच नका. ‘चुंबक साफ केला’, ‘ओल तपासली’, ‘वाळूच्या बादल्या भरल्या’, शिफ्ट सुटताना एकाच पेनाने सगळीकडे बरोबरच्या खुणा. लाइट नसल्याने मशीन दिवसभर बंद होतं, त्या दिवशीही ‘रोलर तपासला’ आहेच!

खरी भीती जामची. डबल रोलर जिनमध्ये (सरकी वेगळी करणारं मशीन) कापूस अडकला की स्टार्टर बंद करायचा, मेन स्विच पाडायचा, रोलर पूर्ण थांबला की मगच हात घालायचा. पोरं चालत्या मशीनमध्ये काडी घालतात, कधी थेट हात. ओरडलं की तेवढ्यापुरतं ऐकतात. मालक म्हणतात दंड लावा. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं?

वऱ्हाडी_फिटर: भाऊ, दंड लावसान तं पोट्टे जाम झाला हेच सांगनार नाहीत. आधी हे सांगा, मजुरी रोजानं हाय का गठाणीवर, म्हंजे रुईच्या गाठीवर?

धागाकर्ता: गठाणीवर. ठेकेदारामार्फत.

वऱ्हाडी_फिटर: मंग झालं! १७० किलोची गठाण बांधली तं पैसे, मशीन थांबवलं तं काहीच नाही. मेन पाडन कोन? आमच्या इथं जिनजवळ पाटी टांगली. बंद किती वाजता, चालू किती वाजता, खडूनं लिहायचं. तेवढा वेळ ठेक्याच्या हिशेबात धरतात. ठेकेदार आधी कुरकुरला, पन मालकानं मान्य केलं. त्याच्याबिगर कागद कितीबी चांगला लिहा.

सरकीवाली: फिटरभाऊंशी सहमत, पण कागदही सुधारायलाच हवा. एका जागेला एकच पान, त्याच जागी, ठळक अक्षरात, आणि तुमच्याकडे तर हिंदीत. वजनकाट्याजवळचं आमचं पान असं आहे: ‘गाडीत वर, मधे आणि तळाशी ओल मोजायचं मीटर टोचा. ८ टक्क्यांपर्यंत मोठ्या गंजीत. ८ ते १२ वेगळी गंजी. १२ च्या वर, गाडी थांबवा, ग्रेडरला (कापसाची प्रत ठरवणारा) बोलवा.’ सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) १२ च्या वरचा कापूस घेत नाही हे शेतकऱ्यांनाही ठाऊक असतं, त्यामुळे काट्यावर भांडणं कमी होतात. खाली एक ओळ कारणाची: ओला कापूस जिनमध्ये अडकतो. म्हणजे तुमचा निम्मा जाम काट्यावरच धरता येईल.

लिहिताना सगळ्यात जुन्या माणसाला बोलतं करा, तुम्ही फक्त उतरवून घ्या. मग ते पान नवीन पोराच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. तो जिथे अडखळेल तिथे पान चुकलंय, पोरगा नाही.

चेकलिस्टमधल्या खुणा काढून टाका, आकडा मागा. मीटरवर किती आलं ते लिहा. कापसातलं लोखंड पकडणाऱ्या चुंबकावर निघालेले खिळे, तारा डब्यात टाकायला लावा. हंगामात सबंध शिफ्टचा डबा रिकामा असेल तर चुंबकाला कुणी हात लावलेला नाही. ठिणगी त्याच लोखंडाची उडते, हे तो डबा दाखवून सांगितलं की पटतं.

कापूसकोंड्या: आगीचं पान प्रेसजवळ वेगळं लावा. जिनमध्ये आग दिसली की त्या वेळच्या रुईच्या गठाणी गोदामात न्यायच्या नाहीत, उघड्यावर एकमेकींपासून लांब ठेवायच्या. गठाणीच्या आत धग दबून राहते, कित्येक दिवसांनी पेट घेते. बाकी, नागपूरला सिरकॉटचं (कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. फिटरला हंगामाआधी तिथे पाठवता आलं तर बघा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. ठेक्यात बंद वेळ धरायचं मालकांपुढे मांडतो, ते सोपं नाही. डबा मात्र उद्यापासूनच ठेवता येईल. सरकीवाली ताई, रात्रपाळीला ग्रेडर नसतो तेव्हा १२ च्या वरची गाडी तुमच्याकडे कोण थांबवतं? आमच्याकडे मुकादमाला तेवढा अधिकारच नाही.

सरकीवाली: मुकादमच. पानावरच लिहिलंय, ‘रात्री मुकादम थांबवेल’, खाली मालकांची सही. सहीशिवाय कुणीही दबाव आणतं.