काँटूर म्हणजे 'समोच्च'? आणि रेसिड्यूला काय म्हणायचं?

उंबरठा:
एमएस्सीच्या मुलांसाठी कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसची, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ धरून चालणाऱ्या संख्यांच्या कॅल्क्युलसची, सोडवलेली गणितं मराठीतून लिहितेय. दोन ठिकाणी अडलंय. कोशात काँटूरला 'समोच्च रेषा' आहे, एका मुलाने तेच धरून काँटूर इंटिग्रेशनला 'समोच्च समाकलन' लिहून आणलं. समोच्च म्हणजे नकाशावरची सारख्या उंचीची रेषा, आपल्या काँटूरवर कुठलीच उंची सारखी नसते, तो नुसता फिरायचा रस्ता. दुसरं रेसिड्यू. शेष लिहिलं की भागाकारातली बाकी वाटते, अवशेष म्हटलं की पडका किल्ला डोळ्यापुढे येतो. तुम्ही काय वापरता?

गोदाकाठ:
फवारलेल्या औषधाचं फळात जे राहतं त्याला आमच्याकडे द्राक्षवाले सरळ रेसिड्यू म्हणतात, 'रेसिड्यूचा रिपोर्ट आला का'. शेतीच्या मासिकांत मात्र 'उर्वरित अंश' छापतात आणि ते वाचून सगळ्यांना कळतं. उर्वरित अंश घ्या की.

जुनी वही:
उर्वरित अंश फवारणीला ठीक, गणितात अंश म्हटलं की खाली छेद शोधतील मुलं. अवशेषच बरोबर आहे. फंक्शन जिथे बिघडतं त्या बिंदूभोवती लॉराँची मालिका, म्हणजे धन आणि ऋण घातांच्या पदांची बेरीज, मांडा, एकेक पद गोल फिरवून इंटिग्रेट करा, सगळी पदं शून्य होतात, फक्त उणे एक घाताचं उरतं आणि ते सहगुणकाच्या २ पाय आय पट देतं (आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ). तो सहगुणक म्हणजे रेसिड्यू. सगळं जाऊन जे उरलं ते, नाव त्यावरूनच पडलंय.

त्रिज्या:
अर्थ सुंदर जुळतो पण नाव त्यावरून पडलेलं नाही. फ्रेंच गणिती कोशीने हा शब्द १८२६ मध्ये वापरला, लॉराँची मालिका १८४३ ची. सतरा वर्षं आधी ठेवलेलं नाव तिच्यावरून कसं पडेल?

जुनी वही:
मालिकेचं नाव नंतरचं असेल, उरण्याची कल्पना आधीचीच. मी वर्गात असंच शिकवलं आणि मुलं ते विसरली नाहीत.

पायवाट:
काँटूरसाठी मी 'प्रदक्षिणा' सुचवते. बंद वाट, मध्ये काहीतरी महत्त्वाचं, आणि किती फेरे मारले तेही मोजायचं. आमच्या आजीच्या तोंडी 'देवाला वेढे घालणे' होतं, तेही चालेल.

त्रिज्या:
प्रदक्षिणा नको, खरंच नको! शब्दातच दक्षिण आहे, देव उजव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे. आपली धन दिशा बरोब्बर उलटी, आतला भाग डाव्या हाताला. आणि हा नुसता शब्दाचा कीस नाही, मुलांचे मार्क इथेच जातात. १ भागिले (१ अधिक एक्सचा वर्ग) ह्याचं उणे अनंतापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन घ्या. वरच्या अर्धवर्तुळाने बंद केलं तर आयपाशी रेसिड्यू १ भागिले २ आय, गुणिले २ पाय आय, उत्तर पाय. खालून बंद केलं तर फेरा उजवा होतो, उणे आयपाशी रेसिड्यू उणे १ भागिले २ आय, आणि फेऱ्याचा स्वतःचा एक उणे लागतो. तो विसरला की उत्तर उणे पाय. सगळीकडे धन असलेल्या फंक्शनखालचं क्षेत्रफळ ऋण! उत्तरपत्रिकेत हे दर वर्षी दिसतं, म्हणून प्रदक्षिणा शब्द शिकवूच नये असं माझं ठाम मत आहे.

जुनी वही:
आणि ह्याच गणितात अंशात १ ऐवजी कोसाइन एक्स असला तर आधी ई चा आय झेड घात घ्यायचा, कोसाइन तसाच ठेवला तर वरच्या अर्ध्यात तो फुगत जातो, अर्धवर्तुळावरचा भाग शून्याकडे जातच नाही. ई घेतलं की उत्तर पाय भागिले ई.

पायवाट:
दिशेचं मान्य. पण शंकराच्या देवळातली सोमसूत्री प्रदक्षिणा आठवा. शाळुंकेची पन्हळ ओलांडायची नाही, तिथपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, दुसऱ्या बाजूने परत पन्हळीपर्यंत. लॉगरिदमचा ब्रँच कट, म्हणजे ओलांडायची नाही अशी आखलेली रेघ, अगदी हाच! शून्यापासून निघालेली रेघ, तिच्या अलीकडे एक किंमत आणि पलीकडे २ पाय आयने वेगळी, म्हणून ओलांडायची नाही. ह्या कटाला टाळून जाणारा, कुलपाच्या भोकासारखा दिसणारा कीहोल काँटूर मला कधी पाठ करावा लागला नाही, मोठा फेरा, कटाच्या काठाने आत, शून्याभोवती उलटा छोटा फेरा, दुसऱ्या काठाने बाहेर, मी गावच्या देवळात उभी आहे असं धरून काढते. ब्रँच कटला 'शाखाछेद' म्हणून काहीच दिसत नाही, 'पन्हळ' म्हणा, बघा मुलं ओलांडतात का.

गोदाकाठ:
पन्हळ आवडलं. दिशेसाठी मग सव्य आणि अपसव्य आहेतच की, शास्त्रीय लेखनात काट्याप्रमाणे म्हणजे सव्य असं वाचलंय.

जुनी वही:
सव्य म्हणजे डावा! सव्यसाची अर्जुन आठवा, डाव्या हातानेही बाण मारणारा. भटजी 'सव्य करा' म्हणतात तेव्हा जानवं डाव्या खांद्यावर येतं.

गोदाकाठ:
संस्कृतात असेल. मराठीत अपसव्य म्हटलं की उलटं, सरळ नाही ते, मग सव्य आपोआप सरळ झालं. बोलणाऱ्याला काय कळतं त्यावर शब्द ठरवायचा का मुळावर?

जुनी वही:
मुळावर. नाहीतर उद्या समोच्चही चालवून घ्याल.

उंबरठा:
तूर्त काँटूरला 'वेढा' लिहिलंय आणि दिशेला 'आतला भाग डाव्या हाताला' असं सरळ वाक्य. पन्हळ तळटीपेत घेतेय. रेसिड्यूची जागा अजून कोरी आहे हो, दहावं पान तिथेच थांबलंय.

त्रिज्या:
लिहिते त्यावर, पण आधी एक, सव्यसाचीत सव्यचा अर्थ डावा हात, फिरायची दिशा नव्हे. हात आणि फेरा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डाव्या हाताला देव ठेवला की फेरा कुठला म्हणायचा ते आधी ठरवा.